इंग्रजी वाक्यात काळ कसा निवडायचा: मराठीतून विचार करणाऱ्यांसाठी

इंग्रजीचे काळ म्हटलं की शाळेतला बारा घरांचा तक्ता आठवतो. वर्तमान, भूत, भविष्य आणि प्रत्येकाचे साधा, चालू, पूर्ण, चालू-पूर्ण असे चार प्रकार. तक्ता चुकीचा नाही. पण रूप कसं बनवायचं एवढंच तो सांगतो. कोणतं रूप कधी वापरायचं, ते सांगत नाही. म्हणून बाराही रूपं तोंडपाठ असलेली मुलं मुलाखतीत “तुम्ही सध्या काय करता?” या साध्या प्रश्नाला अडखळतात. मराठी माध्यमातून शिकून नुकतंच नोकरीला लागलेल्या किंवा नोकरी शोधणाऱ्या वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, ती मोठ्यानं वाचा. काळ कानालाही कळावा लागतो.

सगळ्यात आधी एक सवय सोडायची. मराठी वाक्यातलं क्रियापदाचं रूप बघून त्याच्या जोडीचं इंग्रजी रूप शोधायचं नाही. बसथांब्यावर आपण “बस आली!” म्हणतो तेव्हा बस अजून कोपऱ्यावरच असते. “आलोच मी” म्हणणारा जागेवरून उठलेलाही नसतो. “चला, येते मी” म्हणत बाई निघालेल्या असतात. मराठीत हे आपल्याला खटकत नाही, कारण प्रसंग समोर असतो. इंग्रजीत रूप निवडतानाही प्रसंगच बघायचा: घटना कधीची, ती संपली का, आणि आत्ताशी तिचा काही संबंध उरला आहे का.

पायरी १ : वेळ बंद झाली आहे का, ते बघा

काल, परवा, मागच्या आठवड्यात, २०१९मध्ये, दहावीत असताना. वाक्यात अशी संपलेली वेळ असेल, किंवा बोलणाऱ्याच्या मनात ती पक्की असेल, तर साधा भूतकाळ घ्यायचा. दुसरा विचार करायचा नाही.

हे सोपं वाटतं, पण मराठी माणसाची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. “मी काल बँकेत गेलो होतो” हे वाक्य आपण दिवसातून दहा वेळा बोलतो. त्यातला ‘होतो’ बघून हात आपोआप ‘हॅड’ लिहितो: “आय हॅड गॉन टू द बँक यस्टर्डे.” इंग्रजी कानाला हे वाक्य अर्धवट लागतं. ‘हॅड’ ऐकल्यावर तो पुढच्या घटनेची वाट बघत बसतो, आणि ती येतच नाही. बरोबर वाक्य सरळ आहे: “आय वेंट टू द बँक यस्टर्डे.”

मराठीत ‘गेलो होतो’ म्हणजे जाऊन परत आलो, ते प्रकरण संपलं. इंग्रजीत तेवढ्यासाठी साधा भूतकाळ पुरतो. “मी त्यांना मेल केला होता” म्हणजे “आय ईमेल्ड देम”. “आम्ही दिवाळीत कोल्हापूरला गेलो होतो” म्हणजे “वी वेंट टू कोल्हापूर फॉर दिवाळी”. या एका लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या: वाक्यात एकच जुनी घटना असेल आणि तिच्यापुढे दुसरी काही नसेल, तर ‘हॅड’ खोडा.

उलट बाजूची चूकही होते. “आय हॅव मेट हिम यस्टर्डे” चालत नाही, कारण ‘यस्टर्डे’नं वेळ बंद केली आहे. “आय मेट हिम यस्टर्डे.” ‘हॅव’ आणि बंद झालेली वेळ एका वाक्यात नांदत नाहीत.

पायरी २ : धागा आजपर्यंत येतो का, ते बघा

डेक्कन क्वीन १९३०मध्ये सुरू झाली. घटना त्या वर्षी घडून गेली, म्हणून “द डेक्कन क्वीन स्टार्टेड इन १९३०.” तीच गाडी १९३०पासून धावतेय असं म्हणायचं असेल तर वर्ष तेच राहतं, पण वाक्य बदलतं: “द डेक्कन क्वीन हॅज बीन रनिंग सिन्स १९३०.” पहिल्या वाक्यात आपण १९३०कडे बघतोय. दुसऱ्यात तिथून निघालेला धागा आजपर्यंत आणलाय.

मराठीत या दुसऱ्या अर्थासाठी वेगळं रूप लागत नाही. “मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतोय”, “तो तीन दिवसांपासून आजारी आहे” असं साध्या वर्तमानात किंवा चालू वर्तमानात आपलं भागतं. म्हणून इंग्रजीत “आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स” तयार होतं. त्यात दोन चुका आहेत. ‘पासून’ आलं आणि गोष्ट अजून चालू असली की इंग्रजीला ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ हवंच: “आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे…”, “ही हॅज बीन इल…”. आणि ‘सिन्स’च्या पुढे सुरुवातीचा क्षण येतो: सोमवार, २०२१, सकाळ. किती काळ झाला हे सांगायचं असेल तर ‘फॉर’ येतो: तीन दिवस, पाच वर्षं, बराच वेळ. मराठीत दोन्हीकडे ‘पासून’ चालतं, म्हणून गोंधळ होतो. तेव्हा “सिन्स मंडे”, पण “फॉर थ्री डेज”.

आता मुलाखतीत आणि बायोडेटात याचं महत्त्व किती, ते बघा. “आय वर्क्ड इन अ बँक फॉर थ्री इयर्स” आणि “आय हॅव वर्क्ड इन अ बँक फॉर थ्री इयर्स” ही दोन वाक्यं दिसायला जवळजवळ सारखी आहेत. पहिलं ऐकून समोरचा समजतो की ती नोकरी सुटली. दुसरं ऐकून तो समजतो की तुम्ही अजून तिथेच आहात, आणि लगेच नोटीस पीरियडबद्दल विचारतो. एका ‘हॅव’मुळे तुमची नोकरीची सगळी परिस्थिती बदलते. बायोडेटा पाठवण्याआधी प्रत्येक जुन्या नोकरीसमोर साधा भूतकाळ आहे ना, आणि सध्याच्या नोकरीसमोर तो चुकून आलेला नाही ना, हे एकदा बोट ठेवून तपासाच.

हाच धागा अनुभवालाही लागतो. “मी कधी गोव्याला गेलेलो नाही”: “आय हॅव नेव्हर बीन टू गोवा.” आयुष्य अजून चालू आहे, उद्या जाताही येईल, म्हणून ‘हॅव’. म्हणूनच हयात नसलेल्या माणसाच्या अनुभवाबद्दल ‘हॅज’ वापरत नाहीत. लता मंगेशकर २०२२मध्ये गेल्या. आता “लता मंगेशकर सँग इन मेनी लँग्वेजेस” म्हणायचं, “हॅज संग” नाही. गाणी आजही घरोघर वाजतात, पण गाणारी व्यक्ती नाही, त्यामुळे गाण्याची क्रिया बंद झाली. ‘बीन’ आणि ‘गॉन’ यांतला फरकही इथेच लक्षात ठेवा. “शी हॅज बीन टू दुबई” म्हणजे जाऊन आली. “शी हॅज गॉन टू दुबई” म्हणजे ती आत्ता तिकडेच आहे.

तिसरा उपयोग परिणामाचा. “जेवलास का?” “जेवलो.” मराठी रूप साध्या भूतकाळाचं, पण प्रश्न आत्ताच्या भुकेचा. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत “हॅव यू ईटन?” “येस, आय हॅव.” अमेरिकन माणूस इथे बिनधास्त “डिड यू ईट?” विचारतो. दोन्ही बरोबर आहेत, त्यामुळे अमेरिकेतल्या क्लायंटचं बोलणं ऐकून गोंधळू नका. फाइल जोडली असेल तर “आय हॅव अटॅच्ड द फाइल”, कारण ती आत्ता मेलमध्ये आहे. आणि सकाळ? अकरा वाजता “आय हॅव हॅड टू कॉल्स दिस मॉर्निंग” ठीक आहे. संध्याकाळी पाच वाजता तीच सकाळ बंद झालेली असते, म्हणून “आय हॅड टू कॉल्स दिस मॉर्निंग”.

पायरी ३ : भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती?

पायरी १ मध्ये ज्याला बाहेर काढलं, त्या ‘हॅड’चं खरं काम इथे आहे. दोन घटना भूतकाळातल्या आहेत आणि त्यांतली आधीची कोणती हे कळायला हवं, अशा वेळी आधीचीला ‘हॅड’ द्यायचं.

“व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट.” आम्ही पोचलो आणि गाडी सुटली, तिचा शेवटचा डबा आम्ही बघितला. “व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.” आम्ही पोचलो तेव्हा फलाट रिकामा होता. मराठीतही ‘सुटली’ आणि ‘सुटली होती’ असाच फरक आहे. म्हणजे या एका जागी मराठीवर विश्वास ठेवायला हरकत नाही, फक्त दोन घटना खरोखर आहेत का ते आधी मोजायचं.

गोव्याचं उदाहरण घ्या. “गोवा बिकेम अ स्टेट इन १९८७. बिफोर दॅट, इट हॅड बीन अ युनियन टेरिटरी.” राज्य झालं ही मुख्य गोष्ट, केंद्रशासित असणं त्याआधीचं. इतिहासाबद्दल लिहिताना हे रूप फार उपयोगी पडतं. पण प्रत्येक वाक्यात नको. ‘आफ्टर’ आणि ‘बिफोर’ यांनी क्रम आधीच सांगितला असेल तर साधा भूतकाळही चालतो: “आफ्टर द ट्रेन लेफ्ट, वी वेंट होम.”

पायरी ४ : साधा की चालू?

रोजची, नेहमीची, कायमची गोष्ट असेल तर साधा. आत्ता चालू असलेली किंवा तात्पुरती असेल तर चालू. “आय लिव्ह इन सातारा” म्हणजे घर साताऱ्याला. “आय ॲम लिव्हिंग इन पुणे दीज डेज” म्हणजे नोकरीपुरता पुण्यात. “तुम्ही काय करता?” या प्रश्नाला “आय वर्क इन अ बँक” हे उत्तर भक्कम वाटतं, “आय ॲम वर्किंग इन अ बँक” म्हटलं तर तात्पुरतं काम असावं असं वाटू शकतं.

इथला खरा सापळा मराठीच्या ‘-तंय’मध्ये आहे. मला कळतंय, मला आठवतंय, मला वाटतंय, मला दिसतंय, मला ऐकू येतंय, मला हवंय. ऐकायला ही सगळी चालू क्रिया वाटते, म्हणून “आय ॲम अंडरस्टँडिंग”, “आय ॲम रिमेम्बरिंग” असं तोंडातून निघतं. इंग्रजी ही क्रियापदं क्रिया मानतच नाही, स्थिती मानते, आणि स्थितीला ‘-इंग’ लावत नाही. “आय अंडरस्टँड.” “आय रिमेम्बर.” “आय थिंक सो.” “आय वाँट दॅट फाइल.” दिसणं आणि ऐकू येणं यांसाठी ‘कॅन’ घ्यायचा. ऑनलाइन मीटिंगमध्ये “आर यू हिअरिंग मी?” ऐवजी “कॅन यू हिअर मी?” विचारा, आणि “युवर स्क्रीन इज नॉट सीइंग”च्या जागी “आय कान्ट सी युवर स्क्रीन” म्हणा. ही दोन वाक्यं आजच पाठ करा, रोज लागतात.

‘असणं’ या अर्थाचं ‘हॅव’ही याच गटात येतं. “आय हॅव टू ब्रदर्स.” ‘हॅविंग’ इथे कधीच नाही. पण जेवण चालू असेल तर “आय ॲम हॅविंग लंच” अगदी बरोबर, कारण तिथे ‘हॅव’ म्हणजे खाणं. तसंच “आय थिंक ही इज राइट” हे मत झालं, तर “आय ॲम थिंकिंग ऑफ चेंजिंग माय जॉब” म्हणजे डोक्यात विचार चालू आहे.

जुन्या सवयीसाठी ‘यूज्ड टू’. “लहानपणी आम्ही नदीवर पोहायला जायचो”: “वी यूज्ड टू स्विम इन द रिव्हर.” पण सध्याच्या सवयीसाठी हा वापरला की अर्थ उलटा होतो. “आय यूज्ड टू वेक अप ॲट फाइव्ह” याचा अर्थ पूर्वी पाचला उठायचो, आता नाही. आजही उठत असाल तर “आय वेक अप ॲट फाइव्ह”. बस.

पायरी ५ : पुढचं सांगताना ठरलंय कधी, ते विचारा

भविष्यासाठी इंग्रजीत क्रियापदाचं वेगळं रूप नाही. ‘विल’ हा त्यातला एक मार्ग आहे, एकमेव नाही. निर्णय कधी झाला यावर निवड ठरते.

बोलता बोलता ठरलं, किंवा शब्द दिला, तर ‘विल’. ऑफिसात हे रोज लागतं, आणि मराठीत आपण तिथे वर्तमानकाळ वापरतो: “मी बघतो”, “मी चेक करून सांगते”, “उद्या पाठवतो”. म्हणून “आय सेंड इट टुमॉरो” लिहिलं जातं. बरोबर वाक्यं अशी: “आय विल लुक इंटू इट.” “आय विल चेक अँड लेट यू नो.” “आय विल सेंड इट टुमॉरो.” आधीच मनात ठरलेलं असेल तर ‘गोइंग टू’: “आय ॲम गोइंग टू अप्लाय नेक्स्ट यिअर.” ढग दाटून आलेत, पाऊस येणारच, तेव्हाही हेच: “इट इज गोइंग टू रेन.” तिकीट काढलंय, वेळ ठरलीय, समोरच्याला कळवलंय, तर चालू वर्तमान: “आय ॲम मीटिंग हर ॲट फोर.” आणि वेळापत्रकातली गोष्ट साध्या वर्तमानात: “द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स.” सीमारेषा इतक्या काटेकोर नाहीत, ‘विल’ आणि ‘गोइंग टू’ यांत गल्लत झाली तर कोणी चुकीचा अर्थ घेत नाही. त्यावर रात्र घालवू नका.

‘इफ’ आणि ‘व्हेन’ मात्र सांभाळा. “तो आला की सांग.” आपण ‘आला’ म्हणतो, पण गोष्ट पुढची आहे हे ठाऊक असल्यामुळे “व्हेन ही विल कम” लिहून मोकळे होतो. इंग्रजीत ‘विल’ फक्त मुख्य वाक्यात येतं. ‘इफ’ किंवा ‘व्हेन’च्या वाक्यात साधा वर्तमान. “टेल मी व्हेन ही कम्स.” “इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॅन्सल्ड.” ‘अंटिल’ आणि ‘ॲज सून ॲज’ यांनाही तोच नियम.

पायरी ६ : रूप जोडताना काळ एकदाच लावा

काळ निवडला, आता जोडणी. क्रियापदाच्या गटात काळ दाखवायचं काम फक्त पहिला शब्द करतो. “डिड नॉट वेंट” चुकतं ते यामुळे: ‘डिड’नं भूतकाळ दाखवला, आता पुढे मूळ रूपच, “डिड नॉट गो”. उरलेले शब्द आपल्या आधीच्या शब्दाचं ऐकतात. ‘डू’, ‘डिड’, ‘विल’, ‘कॅन’ यांच्यामागे मूळ रूप. ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’ यांच्यामागे तिसरं रूप. चालू काळात ‘इज’, ‘वॉज’, ‘बीन’ यांच्यामागे ‘-इंग’. “शी हॅज बीन वर्किंग” यात ‘हॅज’मुळे ‘बीन’ आणि ‘बीन’मुळे ‘वर्किंग’. बारा घरांचा तक्ता या तीन वाक्यांतून कधीही परत उभा करता येतो, पाठ करायची गरज नाही.

आता एक मेल दुरुस्त करू

साहेबांना लिहिलेला हा मेल बघा. अशी वाक्यं सर्रास दिसतात:

“आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स. यस्टर्डे आय हॅड गॉन टू द क्लायंट्स ऑफिस. ही टोल्ड मी दॅट द मशीन इज नॉट वर्किंग सिन्स मंडे. आय हॅव चेक्ड इट यस्टर्डे ओन्ली. व्हेन द न्यू पार्ट विल कम, आय फिक्स इट. आय ॲम नोइंग दिस मशीन व्हेरी वेल.”

पहिल्या वाक्यात नोकरी अजून चालू आहे, धागा आजपर्यंत येतो, आणि ‘दोन वर्षं’ हा कालावधी आहे: “आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स.” दुसऱ्यात काल म्हणजे बंद वेळ, घटना एकच: “यस्टर्डे आय वेंट टू द क्लायंट्स ऑफिस.” तिसऱ्यात जरा थांबा. त्यानं सांगितलं काल. मशीन बंद पडलं त्याआधी, सोमवारी. दोन घटना, क्रम महत्त्वाचा, म्हणजे ‘हॅड’ला इथे खरोखर जागा आहे: “ही टोल्ड मी दॅट द मशीन हॅड नॉट बीन वर्किंग सिन्स मंडे.” ‘टोल्ड’ भूतकाळात गेलं की त्याच्या मागचं वाक्यही एक पायरी मागे सरकतं; मराठीत “मशीन चालत नाही” हे त्याचे शब्द आपण जसेच्या तसे ठेवतो, इंग्रजीत ते सरकवावे लागतात.

चौथ्यात पुन्हा काल: “आय चेक्ड इट यस्टर्डे.” ‘कालच’मधल्या ‘च’साठी ‘ओन्ली’ लावायची गरज नाही, फार तर “दॅट सेम डे” म्हणा. पाचव्यात पार्ट येणं पुढचं आहे, पण ‘व्हेन’च्या वाक्यात ‘विल’ नको, आणि दुरुस्तीचा शब्द आपण देतोय म्हणून तिकडे ‘विल’ हवं: “व्हेन द न्यू पार्ट कम्स, आय विल फिक्स इट.” शेवटच्यात माहीत असणं ही स्थिती: “आय नो दिस मशीन व्हेरी वेल.”

स्वतःचा एखादा जुना मेल काढा आणि असाच तपासा. प्रत्येक वाक्यातल्या क्रियापदाच्या गटाचा पहिला शब्द अधोरेखित करा, समोर घटनेची वेळ मराठीत लिहा: काल, सोमवारपासून, रोज, पुढच्या आठवड्यात. ‘पासून’ आणि ‘हॅव’ची जोडी जमली का, आणि ‘काल’समोर एखादा ‘हॅड’ किंवा ‘हॅव’ राहून गेला का, एवढं बघितलं तरी बहुतेक चुका सापडतील.